राळेचं टेबल

माझी बायको गेल्यावर राळेच्या टेबलावरची तिची खुर्ची फार दिवस रिकामी राहिली नाही. तिची धाकटी बहीण तिथे जाऊन बसली. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. मी तपासणीतला माणूस. राळेच्या खोलीशी माझा संबंध मधल्या काचेपुरता. एका सकाळी काचेतून पाहिलं तर हिच्या खुर्चीत हिच्यासारखीच पाठ दिसली. मी हातातला ठोकळा खाली ठेवला आणि पाणी प्यायला गेलो.

ठोकळा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता ते कुठे दिसत नाहीत. तेव्हाचे कॉम्प्युटर कपाटांएवढे असत. कपाटात खणांच्या रांगा, आणि खणांत आमचे ठोकळे खोचलेले. काडेपेटीहून थोडा मोठा, खाली पितळी पाय, वर रंगाची पट्टी. एकेका ठोकळ्याला एकच अक्कल. काळ्या पट्टीचा ठोकळा दोन्ही बाजूंनी वीज आली तरच पुढे सोडणार. पिवळा, कुणाही एकाकडून आली तरी सोडणार. लाल उलट्या डोक्याचा, आली तर नाही म्हणणार आणि नाही आली तर हो. निळा एकदा हो म्हणाला की कुणी येऊन नाही म्हणेपर्यंत हो धरून बसणार. आमची ही म्हणायची, "निळा म्हणजे तुम्ही." अशा बिनडोक ठोकळ्यांची हजारोंनी रांग लावली की ते मशीन लोकांचे पगार काढायचं, पुलांची गणितं करायचं. त्यातला एक बिघडला तरी सगळं गणित चुकायचं. मग बिघडलेला उपटायचा, त्याच रंगाचा दुसरा खोचायचा, की काम चालू. दुरुस्तीची भानगड नव्हती. दुरुस्त करताच यायचा नाही, कारण आतले सगळे भाग राळेत बुडवलेले असत.

राळेच्या टेबलावर हेच काम. जोडणीच्या बायका आतले बारीक भाग सोल्डर करून जोडत, ते साच्यात बसवले जात आणि वरून राळ ओतली जाई. राळेत हार्डनर घालून घोटायचं. घोटलं की ते आपोआप तापतं. पातळ असतानाच ओतायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि घट्ट व्हायच्या आत कड पुसून घ्यायची. घाई केली तर बुडबुडा राहतो आणि ठोकळा पुढे कधीतरी तडकतो. उशीर केला तर डब्यातच दगड. सगळ्यांना हे जमत नाही. हिला जमायचं. धाकटीला हिच्याहूनही चांगलं जमायचं.

राळेला वास असतो. हार्डनरचा जास्त, शिळ्या माशासारखा. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी येतं. मग बरेच दिवस काही होत नाही, माणूस म्हणतो सवय झाली. मग छाती वाजायला लागते.

हिची छाती वार बघून वाजायची. सोमवारी काही नाही. बुधवारी संध्याकाळी बारीक शिट्टी. शुक्रवारी केस विंचरता विंचरता मध्येच खाली बसायची. रविवारी दुपारी परत खणखणीत, शेजारणीशी भांडायला तयार. कंपनीचा डॉक्टर दर काही महिन्यांनी येई, आणि नेमका सोमवारी सकाळी येई. त्याच्याकडे एक तबकडी होती, तिच्यावर काटा. नळीत जोर लावून फुंकायचं. काटा जितका पुढे जाईल तितकी छाती चांगली. बायका त्याला फुगेवाला म्हणत. ही दर वेळी पास झाली. शेवटची पास झाली त्याच आठवड्यात शनिवारी कामावरून येताना जिन्यात बसली. मी वरून हाक मारली, "आलीस का?" ती आली नव्हती.

माझं काम तपासणीचं. ठोकळा थंड असला आणि वीज पुरेशी असली तर कुठलाही पास होतो, त्यात काही अर्थ नाही. म्हणून आम्ही आधी त्याला भट्टीत तापवायचो, आणि मग वीज हळूहळू कमी करत न्यायचो. ह्याला आम्ही काठावरची तपासणी म्हणत असू. चांगला ठोकळा काठावरही आपलं काम करतो. कच्चा असेल तो तिथे गडबडतो, होच्या जागी नाही म्हणतो. तो एरवी आज चालला असता, उद्याही चालला असता, पण कधीतरी भर कामात दगा देणारच. त्याला आजच बाजूला काढायचा.

ही गेल्यावर एकदा भट्टीपाशी उभा असताना मला वाटून गेलं की हिला कायम थंड असतानाच तपासलं. त्यानंतर डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. ही तर गेली होती. धाकटी त्याच खुर्चीत होती. तिला तिथून उठवायचं, एवढं एकच मला करायचं होतं.

धाकटी आमच्याकडेच वाढली. सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा तिच्या वेण्या हिने घातल्या. तिने लग्न केलं नाही. का, ते आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ही गेल्यावर ती शिंप्याच्या दुकानामागे खोली घेऊन राहायला लागली. शेजारच्या काकूंनी तिला दारात गाठून सांगितलं होतं, "आता तुम्ही दोघंच उरलात. घरातल्या घरात उरकून टाका." त्यानंतर आठवड्याभरात तिने पेटी उचलली.

तरी आठवड्यातून एकदा कामावरून परस्पर यायची. मी काय खातो, घर कसं ठेवलंय ते बघायची आणि नावं ठेवायची.

"भाऊजी, ह्या पातेल्यात तुम्ही स्वयंपाक करता की राळ घोटता?"

"जळलं जरा."

"जरा? ह्याच्यात आता फक्त ठोकळे होतील. काळ्या पट्टीचे."

हसता हसता तिला खोकला आला. खोकला संपला आणि मागून शिट्टी ऐकू आली. मला ती शिट्टी झोपेतही ओळखता आली असती.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"छाती वाजतेय तुझी."

"बाहेर गार आहे."

"ताईसुद्धा हेच म्हणायची."

"ताईची छाती पहिल्यापासून नाजूक. मी लहानपणी तिच्या दुप्पट पळायचे. तुम्हाला काय माहीत, तुम्ही नंतर आलात."

"पॅकिंगला जागा आहे. मी मुकादमाशी बोलतो."

ती पातेलं हातात धरून वळली. "खोकी बांधू? सुतळीने?"

"त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही. तुम्ही बांधा."

मग ती जरा नरमली. म्हणाली, "ऐका. इथे आले की मी तुमची मेहुणी. खोलीवर गेले की शिंपी विचारतो, एकट्याच का बाई. तिथे टेबलावर मी कुणाची कुणी नसते. अवघड साचा आला की मुकादम माझ्यापुढे आणून ठेवतो आणि हात बांधून उभा राहतो. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो त्याचा, तेव्हा नाही बोलत. ते सोडून मी काय करू? तुमची पातेली घासू?"

 मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायला लागलो.

"असं नाही," ती म्हणाली. "तिरकं धरा."

बोलून ती उठणार नव्हती. मग मी डॉक्टरकडे गेलो. त्याचा दवाखाना बाजाराच्या तोंडाशी होता. दुपारची वेळ, तो टेबलावर डबा उघडून जेवत होता. मला बसायला सांगितलं.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही सोमवारीच का येता?"

"कंपनीने सोमवार दिलाय."

"शुक्रवारी याल का? दुपारी, सुटायच्या आधी."

त्याने घास खाली ठेवला. "तुमच्या मिसेसचं कळलं मला. वाईट वाटलं. त्यांचे आकडे आहेत माझ्याकडे. सगळे चांगले आहेत." थोडं थांबून म्हणाला, "सगळ्यांचेच चांगले असतात. म्हणून तर मला दर वेळी बोलावतात."

म्हणजे त्याला माहीत होतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो थकलेला दिसत होता.

"सोमवारी मला बरं नव्हतं असं कळवतो," तो म्हणाला. "शुक्रवारी येतो. कोणी ना कोणी मागायला यायला हवं होतं, तुम्ही आलात. पण एक सांगा. नापास झाल्या तर त्यांचं काय होणार?"

"पॅकिंगला घालतील. तसा नियम आहे."

"नियम आहे," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं.

त्याने पुढे विचारलं नाही आणि मीही विचार केला नाही. आमच्या खात्यात तो विचार कधी करावाच लागत नसे. कच्चा ठोकळा उपटला की आमचं काम संपलं. तो पुढे कुठे जातो हे तपासणीवाल्याने बघायचं नसतं.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या खोलीत बायका रांगेत उभ्या राहिल्या. मी दाराशी होतो.

"आज शुक्रवारी कसले फुगे?" चष्मेवाली म्हणाली. ती टेबलावरची सगळ्यांत जुनी बाई, डब्याच्या झाकणाएवढ्या भिंगांचा चष्मा लावायची. "सोमवारी ह्यांची बायको सोडत नव्हती वाटतं."

"मावशी, फुंका आधी. बोलण्यात हवा जाते," डॉक्टर म्हणाला.

"माझी हवा जायची नाही रे बाबा. नवऱ्याला विचार."

सगळ्या हसल्या. चष्मेवालीने फुंकलं. काटा थोडा हलला आणि थांबला. तिने नळीकडे बघितलं, जशी काही नळीच बुजली असावी. "परत घेते," म्हणाली. परत घेतलं. काटा आणखी अलीकडे थांबला. मग कुणी हसलं नाही. एकेक पुढे येत होती, फुंकत होती, आणि बाजूला होऊन भिंतीला टेकत होती. जोडणीच्या बायका पास झाल्या. राळेच्या टेबलावरच्या जवळजवळ सगळ्या नापास झाल्या.

धाकटीची पाळी आली तेव्हा तिला सगळं समजलेलं होतं. तिने आधी मला दाराशी बघितलं. मग नळी तोंडाला लावली आणि अशी फुंकली की मानेच्या शिरा वर आल्या. काटा अर्ध्यापर्यंतही गेला नाही. डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, "पुन्हा एकदा, बाई." तिने मान हलवून नाही म्हटलं आणि नळी रुमालाने पुसून त्याच्या हातात दिली.

पॅकिंगमध्ये तेवढ्या जागा नव्हत्या. कंपनीने धाकटीला एक जागा देऊ केली, ती हाताची चांगली म्हणून. तिने नको म्हणून सांगितलं. बाकीच्यांना घरी बसायला सांगितलं. टेबलावर नव्या पोरी आल्या, धडधाकट छातीच्या. मुकादम मला म्हणाला, "तुमच्याच पद्धतीने केलं बघा, कच्चे काढले, नवे घातले." तो चांगल्या मनाने म्हणाला, टोमणा नव्हता.

टोमणा चष्मेवालीने मारला. पुढच्या आठवड्यात ती फाटकाशी उभी होती.

"काय हो, पासनापास." बायका मला मागून असं म्हणत हे मला ठाऊक होतं. तोंडावर म्हणायची ही पहिली वेळ. "तुमची बायको गेली म्हणून आमच्या चुली विझवल्यात."

"मावशी, तुमच्या छातीचं बघूनच..."

"माझ्या छातीचं मी बघेन. तुम्हाला कुणी बोलावलं होतं?"

धाकटीने तेवढंसुद्धा बोलणं ठेवलं नाही. मी खोलीवर गेलो तर आतून कडी. शिंपी म्हणाला, "आहेत आत. पण नाहीत म्हणून सांगायला सांगितलंय." मला वाटलं, रुसली तर रुसू दे. खुर्चीवरून उठली ना. छाती मोकळी होईल, मग एक दिवस येईल पातेल्यांना नावं ठेवायला. ते दिवस मी तसे बऱ्यापैकी काढले. घरी येऊन हिच्या फोटोसमोर बसायचो आणि मनात म्हणायचो, तुझी बहीण उठवली बघ.

नव्या पोरींना राळ जमेना. काठावरच्या तपासणीत ठोकळे पडायला लागले. तापवले की बुडबुड्यापाशी तडकायचे. नापास ठोकळ्यांचा डबा दुपारपर्यंत भरायचा. वरून बोलणी बसली, मुकादम आमच्यावर डाफरायला लागला. मग एक दिवस कळलं की राळेचं काम बाहेर द्यायचं ठरलं. कुणी कंत्राटदार होता. जोडलेला माल इथून न्यायचा, राळ ओतून परत आणून द्यायचा.

पहिली खोकी आली आणि ठोकळे उत्तम होते. तापवले, वीज खाली नेली, काही नाही. आणखी खाली नेली, तरी जागचे हलले नाहीत. पूर्ण खोक्यात एकही पडला नाही. माझ्या शेजारचा म्हणाला, "कुठून आणली ही माणसं?" मी एक ठोकळा उजेडात धरला. धाकटी कड पुसताना कोपऱ्यावर अंगठा जरा जास्त दाबते. तिथे बारीकशी खळी राहते. ती नमुन्यात नाही, पण त्यात चूकही नाही, म्हणून कधी कुणी काही बोललं नाही. खोक्यातल्या प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यावर ती खळी होती.

माल आणणाऱ्या गाडीवाल्याला पत्ता विचारला. टायरच्या दुकानामागे एक शेड होती, पूर्वी तिथे गाड्या धूत असावेत. जमिनीला उतार आणि मध्ये नाली. खिडक्यांना कागद चिकटवलेला, कारण धूळ आली तर राळ बिघडते. एका कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, कारण खोली गार असली तर राळ घट्ट होत नाही. दार उघडलं आणि तो शिळ्या माशाचा वास तोंडावर आला. आमच्या कारखान्यात टेबलावर पंखा होता, जुना, खडखड करणारा, पण वाफ ओढून बाहेर टाकायचा. इथे वाफ नुसती तरंगत होती.

सगळ्या तिथेच होत्या. शुक्रवारी भिंतीला टेकलेल्या सगळ्या.

"कोण? पासनापास?" चष्मेवाली म्हणाली. "या, या. इथे सगळ्या पास."

हशा पिकला, आणि हशातून खोकला. थोडा वेळ खोलीत नुसता खोकलाच होता.

धाकटी टोकाला बसली होती. तिने मान वर केली नाही. हातातला साचा भरून होईपर्यंत मी उभा राहिलो. मग कड पुसून तिने तो बाजूला ठेवला.

"किती पडले?" तिने विचारलं.

"एकही नाही."

"मग कशाला आलात?"

"खिडकी तरी उघडा."

"धूळ येते." ती बोलता बोलता थांबली, श्वास घेतला, मग वाक्य पुरं केलं. "बुडबुडा धरतो."

"डॉक्टर येत नाही इथे?"

"तोच तर फायदा आहे."

"धाकटे, परत कारखान्यात चल. तिथे निदान पंखा आहे."

"तुम्हीच उठवलंत ना?"

"मी मुकादमाशी बोलतो."

"काय सांगणार? मेहुणी उपटली होती, परत खोचा म्हणून?"

चष्मेवाली पुन्हा हसली. धाकटी हसली नाही. तिने हातांकडे बघितलं. बोटांची कातडी लाल होऊन सोलली होती. मग अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "बोला. इथे हात स्थिर राहत नाही. काल दोन डबे दगड झाले माझ्याकडून. माझ्याकडून."

मी मुकादमाला गाठलं. त्याला काही वावडं नव्हतं. "तिला आणा की राव. पोरींना शिकवील तरी. पण डॉक्टरचा शेरा लागेल, एकदा नापास झालीय. सोमवारी दाखवून घ्या."

"सोमवारी चालेल," मी म्हटलं.

तिथून तडक दवाखान्यात. डॉक्टर एका मुलाचा घसा बघत होता. मी बाजूला उभा राहिलो. मूल गेल्यावर म्हटलं, "माझी मेहुणी तपासायची आहे. सोमवारी सकाळी."

त्याने माझ्याकडे बघितलं. "सोमवारी."

"हो. शनिवारीसुद्धा ती सुट्टी घेईल. दोन दिवस घरी मोकळ्या हवेत राहील."

"पास व्हावी म्हणून."

"हो. पास व्हावी म्हणून."

"आणा," तो म्हणाला. आणखी काही म्हणाला नाही, त्याबद्दल मी त्याचे उपकार मानतो.

शुक्रवारी कामावरून मी तिला परस्पर घरी आणली. ती आली. तिच्या खोलीत हवा नव्हती, शिवणाच्या मशीनचा आवाज, कापडाचा भुगा. घरी मी सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. काकूंनी दारातून बघितलं आणि मान डोलावली. शनिवारी ती भिंतीला उशी लावून बसून राहिली, आडवी झाली की जीव घाबरायचा म्हणून. मी पेज केली. तिने पातेल्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवार उजाडला. मी वाट बघत होतो. मला माहीत होतं कसं होतं ते. सकाळी शिट्टी बारीक होते, दुपारी थांबते, आणि मग माणूस एकदम स्वच्छ आवाजात बोलायला लागतो, अगदी काही झालंच नव्हतं असा. दुपार झाली. मी बाहेरच्या खोलीत बसून आतला कानोसा घेत होतो.

"कमी झालीय ना जरा?" तिने आतून विचारलं.

"बरीच कमी झालीय," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी ती स्वच्छ पातळ नेसून तयार झाली. केस बांधून द्या असं मला म्हणाली नाही, पण हात वर करून फार वेळ धरता येत नव्हता, म्हणून नुसते मागे सारून पिन लावली. दवाखान्यात आम्हीच पहिले होतो. डॉक्टरने काटा शून्यावर आणला. तिने नळी धरली, डोळे मिटले.

काटा शुक्रवारपर्यंतसुद्धा गेला नाही. म्हणजे त्या शुक्रवारी जिथे थांबला होता तिथपर्यंत. त्याच्या बराच अलीकडे थांबला.

"नळी नीट धरली नव्हती," ती म्हणाली. "परत घ्या."

परत घेतलं.

"आणखी एकदा."

आणखी एकदा घेतलं. चौथ्या वेळी ती मागायला लागली तेव्हा डॉक्टरने तिच्या हातातून नळी काढून घेतली. जोराने नाही. जशी लहान मुलाच्या हातून काच काढून घेतात तशी.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "आज सोमवार आहे."

"हो," तो म्हणाला.

"दोन दिवस घरी होती."

"मला माहीत आहे." तो तिच्याशी बोलायला लागला, माझ्याशी नाही. "बाई, आता तुम्हाला कुठलंच टेबल चालणार नाही. तिथलं नाही, इथलं नाही. हे आता वार बघून कमीजास्त होणारं राहिलेलं नाही."

"मग?" तिने विचारलं.

तो नळी घेऊन नळाखाली धुवायला गेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आम्ही बाहेर पडलो. बाजार अजून उघडला नव्हता. ती माझ्या अर्धं पाऊल मागून चालत होती.

"शेडवर निरोप पाठवायला हवा," ती म्हणाली.

"मी जाऊन सांगतो."

"कड पुसताना घालते तो माझा अंगठ्याचा रबर तिथे राहिलाय. चष्मेवालीला वापरू दे म्हणावं."

"सांगतो."

थोडं चाललो. "आणि काकूंना काय सांगायचं?"

मी म्हटलं, "सांगू, मेहुणी राहायला आलीय."

 पुढे एका दुकानासमोर थांबली आणि तोंड तिकडे करून उभी राहिली. मी दोन पावलं पुढे गेलो होतो, मागे वळलो.

"काय झालं?"

"काही नाही. बघतेय."

दुकानाचं शटर खाली ओढलेलं होतं. राखाडी पत्रा, त्याला कुलूप. दर श्वासाला तिचे खांदे वर खाली होत होते.

"तुम्ही चला पुढे," ती म्हणाली. "मी आलेच."

मी गेलो नाही. तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि तिच्यासारखाच त्या पत्र्याकडे बघत राहिलो.